एक म्हणजे सोड, दोन म्हणजे थांब

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

नोकरी नवी, वही नवी, डोकं मात्र तेच तापट. पुण्यात चौदा वर्षं मोठमोठ्या कंपन्यांच्या सिस्टिम सांभाळल्या आणि आता आपल्याच देऊळगाव राजात बियाण्याच्या कंपनीत. आई गेल्यावर अण्णांना एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून आले. तीन महिने बघतील, मग कायम करतील.

पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला. कंपनीची प्रयोगशाळा इथे, गोदाम मेहकरला. गोदाम मुळात दुसऱ्याच कंपनीचं. तीन वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी ते विकत घेतलं, त्यांच्या कॉम्प्युटरसकट. दोन्हीकडे ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारी कामं लावलेली आहेत, आमच्या धंद्यात त्यांना जॉब म्हणतात. प्रयोगशाळेचा जॉब रोज पाचला सुटतो आणि कुठला लॉट उगवणीत पास, कुठला नापास ते जाहीर करतो. गोदामाचा जॉब साडेपाचला सुटतो, ते निकाल वाचतो आणि गाडीत काय भरायचं त्याची यादी काढतो. दुसऱ्यानं पहिल्यासाठी थांबायला हवं की नाही? पण दोन्ही सिस्टिमची एकमेकींशी ओळखच नाही. गोदामाची सिस्टिम फक्त घड्याळ बघते. इकडचं झालं असो वा नसो, साडेपाच वाजले की सुरू.

रात्रीच्या जेवणाला अण्णांना सांगितलं, "भात शिजला की नाही ते न बघता, साडेबारा वाजले म्हणून पानं वाढायची, असला प्रकार आहे."

अण्णा म्हणाले, "मग आजवर लोकांनी काय कच्चा भात खाल्ला?"

नाही. ते तर त्याहून भारी आहे. सगळं मिस्ड कॉलवर चाललंय! प्रयोगशाळेतला गजेंद्र नावाचा माणूस निकाल नीट चढला हे स्वतः बघतो आणि मग मेहकरला गोदाम बघणाऱ्या विमलबाईंना रिंग देऊन कट करतो. एक मिस्ड कॉल म्हणजे सोड. लागोपाठ दोन म्हणजे थांब, एखादा लॉट नापास आहे, यादी पुन्हा बघ. तो येईपर्यंत बाई गाडीला हात लावू देत नाहीत. दोन हजार पंचवीस साल आहे म्हणे.

मॅनेजर चंद्रशेखर सर म्हणाले, "हा पोरखेळ बंद करायचाय. रब्बीच्या कांद्याचं बी बाहेर पडायच्या आत दोन्ही सिस्टिम जोडा." जोडते की.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आठवडाभर गोदामाच्या जुन्या सिस्टिममध्ये डोकं घालून बसले. विकत घेतल्यापासून तिच्या आतल्या नोंदी कोणी उघडूनही बघितलेल्या नाहीत. किती वाजता काय सुटलं, कोणी काय बदललं, सगळं तिथं साठून पडलंय.

एक गंमत सापडली. गेल्या वर्षी २१ ते २४ ऑक्टोबर असे चार दिवस यादीचा जॉब साडेपाचऐवजी साडेचारला लावलेला. नंतर पुन्हा पूर्ववत. म्हणजे चार दिवस निकालाच्या आधी अर्धा तास यादी! ऑफिसच्या सामायिक लॉगिनवरून केलंय, त्यामुळे कोणी केलं, काऊन केलं, देव जाणे. शेवटी सगळ्यांना काम समजावून सांगायची वेळ येईल तेव्हा दाखवायला झकास उदाहरण आहे. बाजूला काढून ठेवलं.

गजेंद्रनं मात्र वात आणलाय. पस्तिशीचा, अंगानं बारीक, मितभाषी माणूस. प्रयोगशाळेच्या सिस्टिमचा पासवर्ड मागितला तर आधी रजिस्टर काढलं, वेळ लिहिली, माझी सही घेतली. काम झाल्यावर पुन्हा वेळ, पुन्हा सही. साधी खिडकी उघडली तरी हा मिनिटासकट लिहील. मी म्हटलं, "तुमचा कोणावर विश्वास नाही का हो?"

"माझा आहे मॅडम," म्हणाला आणि रजिस्टर मिटून गेला. वहमी माणूस.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज एसटीनं मेहकर. विमलबाई पंचावन्नच्या असतील. नऊवारी नाही की काही नाही, साधी पाचवारी, वर कंपनीचा निळा कोट, आणि आवाज असा की गोदामाच्या पार टोकाचा हमाल दचकतो. मला बघून म्हणाल्या, "तू व्हय पुन्याची? आमचा फोन बंद करनारी?"

मी म्हटलं, "मी देऊळगावचीच आहे."

"मंग ठीक आहे. च्या घे."

चहावर त्यांनी गजेंद्रची कथा सांगितली. आता कळलं, हा असा काऊन वागतो ते.

तो मूळ सुलतानपूरचा. थोरला भाऊ राजकुमार तिथंच शेती करतो. गेल्या वर्षी राजकुमारनं गावाला सांगितलं, माझा भाऊ प्रयोगशाळेत आहे, त्याच्या कंपनीचं कांद्याचं बी डोळे झाकून घ्या. तीस-बत्तीस जणांनी घेतलं. रोपं उगवलीच नाहीत धड, वाफेच्या वाफे मोकळे. कंपनीनं बी बदलून दिलं, पण तोवर हंगाम सरकला होता. चौकशी झाली. तो लॉट जूनच्या तपासणीत पास होता. पावसाळ्यात कांद्याचं बी उतरतं, उगवण घटते, म्हणून ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासतात. त्या फेरतपासणीला गजेंद्रच्या नोंदीत लॉट चक्क नापास, वेळ चार बावन्न. आणि त्याच तारखेच्या गोदामाच्या यादीत तोच लॉट पास! आता चार बावन्नला नापास चढवलं असतं तर साडेपाचच्या यादीत पास कसं येईल? म्हणजे यानं आधी लिहिलंच नाही, बोभाटा झाल्यावर मागची वेळ घालून नापास लिहिलं, असा निष्कर्ष निघाला. नोकरीवरून काढलं नाही, पण तेव्हापासून कायम होण्याचा कागद अडकून पडलाय. आणि राजकुमारनं निरोप धाडला, माझ्या दारात पाय ठेवू नको.

"यादी म्याच हातात घेतली व्हती," विमलबाई म्हणाल्या. "वरच्या हापिसातल्या कारकुनानं आनून देल्ली. त्यावर तारीख असते, टाइम नसते. दिवाळी तोंडावर व्हती, वसुबारसेले सहा रोज रायले व्हते. गाडीवाल्याची घाई. उजेडातच भरून काढली गाडी. मले का मालूम, आत का भरलं हाय."

चौकशी संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गजेंद्र रोज मिस्ड कॉल द्यायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. विमलबाई रोज त्याची वाट बघायला लागल्या. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, त्यानं मागाहून लिहिलं असेल?"

"मले काई वाटत नाई. मी फोनची वाट पायते."

परतीच्या गाडीत विचार करत होते. माणूस वाईट वाटत नाही. पण दोन सिस्टिमच्या नोंदी जुळत नसतील तर कुठंतरी हात फिरलाय, हे मी चौदा वर्षं बघत आलेय. घाबरून केलं असेल बिचाऱ्यानं. असो. आपलं काम जोडायचं.

२४ सप्टेंबर, बुधवार

जमलं! सुतासारखं सरळ आहे. प्रयोगशाळेचा जॉब संपला की एका सामायिक जागी 'झालं' अशी खूण ठेवणार. गोदामाचा जॉब साडेपाचला जागा होणार, पण खूण दिसल्याशिवाय यादी काढणार नाही. खूण नसेल तर दर पाच मिनिटांनी डोकावून बघणार. सामायिक जागेसाठी दोन्हीकडच्या परवानग्या मिळवताना नाकी नऊ आले, बाकी काम दोन दिवसांचं.

गजेंद्रला दाखवलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, अन् फोन नाही आला तर?"

"म्हणजे?"

"एक आला तर सोडायचं, दोन आले तर थांबायचं. एकही नाही आला, तर?"

मी वैतागले. "अहो गजेंद्र, फोन राहणारच नाही आता. तेच तर करून राह्यले ना मी!"

तो "हाव" म्हणाला आणि ओल्या कागदावर मांडलेल्या बिया मोजायला गेला. शंभर-शंभरचे गट, एकेक अंकुर चिमट्यानं उचलून बघतो. काही माणसांना नवीन काही नकोच असतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

आजपासून जोडणी खरी चालू. पाच वाजून चार मिनिटांनी खूण, साडेपाचला यादी, एकदम चोख. चंद्रशेखर सरांनी पेढे मागवले. विमलबाईंना फोन करून सांगितलं की यापुढे मिस्ड कॉलची गरज नाही.

"बरं," म्हणाल्या.

पाच वाजून सहा मिनिटांनी गजेंद्रनं खिशातून फोन काढला, रिंग दिली, कट केला. माझ्यासमोर!

"सवय आहे मॅडम," म्हणाला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहून काढते म्हणजे झोप लागेल.

दसऱ्याचा दुसरा दिवस. बालाजीच्या यात्रेत होते मी. अण्णांना दर्शन घडवलं, रेवड्या घेतल्या, शाळेतली करिष्मा पंधरा वर्षांनी भेटली, तिच्याशी गप्पा मारत पाळण्यांजवळ उभी होते. पावणेसहाला विमलबाईंचा फोन. गोंगाटात काही ऐकू येईना, एका दुकानाच्या मागे जाऊन कान दाबून धरला.

"तुमची मशीन म्हनते सोड," त्या म्हणाल्या. "यादी आली, गाडी उभी हाय. पन गजूचा फोन नाई आला. म्या एक बी खोकं हलू देल्लं नाई. आता कोनाचं आयकू, सांग."

मी म्हटलं, "आज प्रयोगशाळा बंद आहे. यात्रेची सुट्टी..."

आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

यात्रेची सुट्टी! काल दसऱ्याला दोन्हीकडे बंद. आज फक्त आमच्याकडे बंद, मेहकरला चालू. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेचा जॉब सुटत नाही, आजही सुटला नाही. पण बुधवारी ठेवलेली 'झालं'ची खूण तिथं तशीच पडून होती. गोदामाच्या सिस्टिमनं ती बघितली, झालं म्हणजे झालं असं समजली, आणि यादी काढली. लॉट एक्केचाळीसची फेरतपासणी आज वाचायची, म्हणजे त्याचे अंकुर मोजायचे होते. ती वाचलीच गेली नाही आणि यादीत त्याच्यापुढे जूनचा पास! कांद्याचं बी. सुलतानपूरच्याच तऱ्हेचं सगळं, आणि या वेळी माझ्या हातून.

जन्म या गावातला माझा. लहानपणी या एका सुट्टीची वर्षभर वाट बघायचे. आणि तीच सुट्टी हिशेबात धरायला विसरले! एकही फोन नाही आला तर, हे त्यानं मला तोंडावर विचारलं होतं आणि मी त्याला फटकारलं.

"गाडी थांबवा," मी म्हटलं. "काही सोडू नका."

"थांबलेलीच हाय व," विमलबाई म्हणाल्या. "तू रडू नको."

मी रडतेय हे मला तेव्हा कळलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी आठलाच प्रयोगशाळेत. गजेंद्र माझ्याही आधी आलेला. कालचं सगळं त्याला सांगितलं, विचारलं होतंत तेव्हा ऐकायला हवं होतं असंही म्हटलं. त्यानं चिमटा घेतला आणि एक्केचाळीसच्या बिया मोजायला बसला. मी त्याच्या बाजूला उभी. सत्तरच्या खाली गेलं की नापास. पहिले शंभर, त्रेसष्ट. दुसरे, एकोणसाठ. चारही गट झाले, सरासरी एकसष्ट.

त्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं, वेळ घातली आणि मेहकरला रिंग दिली. कट. पुन्हा रिंग. पुन्हा कट.

जीव भांड्यात पडला. एखादा लॉट नापास झाल्याचा इतका आनंद कोणाला झाला नसेल.

दुपारपर्यंत दुरुस्ती केली. आता खुणेवर तारीख असते, कालची खूण आज चालत नाही. फेरतपासणी लागली की जुना पास आपोआप पुसला जातो. दोन्हीकडच्या सुट्ट्या दोन्ही सिस्टिमना दिसतात. आणि काहीच आलं नाही तर गाडी थांबते आणि विमलबाईंना फोन जातो. गजेंद्रला बसवून एकेक गोष्ट दाखवली आणि त्याच्याकडूनच विचारून घेतलं, आणखी काय राहिलं? त्यानं आणखी दोन गोष्टी काढल्या. दोन्ही बरोबर.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज दुपारी बैठक होती. चंद्रशेखर सर, मुद्दाम मेहकरहून आलेल्या विमलबाई, गजेंद्र आणि मी. नव्या जोडणीची माहिती द्यायची होती. शुक्रवारची चूक मी आधीच कबूल करून टाकली. सर गंभीर झाले, पण रागावले नाहीत.

मग म्हटलं, मुळात ही जोडणी काऊन लागते ते एका जुन्या उदाहरणावरून बघू. आणि महिनाभर बाजूला ठेवलेलं ते पान भिंतीवर लावलं. म्हटलं, "बघा, गेल्या वर्षी हे चार दिवस यादी साडेचारला निघत होती. समजा २२ ऑक्टोबरला प्रयोगशाळेनं चार-पन्नासला एखादा लॉट नापास केला, तर यादीला तो कळणारच नाही. ती जूनचाच पास दाखवणार."

तिघंही त्या पानाकडेच बघत होते. मला वाटलं, अवघड झालं असेल, पुन्हा समजावून सांगू या. इतक्यात विमलबाई उठून भिंतीजवळ गेल्या आणि बोट ठेवून तारीख वाचली.

"बावीस तारीख. वसुबारस अठ्ठावीसले व्हती," त्या म्हणाल्या. "म्हूनच गाडी उजेडात निघाली व्हती! एरवी यादी येईस्तोर अंधार पडे. अव बाई, हे तं तेच हाय."

मग त्या वळल्या. "सायेब, गजूनं चार बावन्नलेच लिवलं व्हतं. याद्या आधीच निंगून गेल्या व्हत्या."

गजेंद्र भिंतीकडे बघत होता. मग खुर्ची मागे सारून तो बाहेर गेला. दाराच्या काचेतून दिसत होता, बियांच्या कपाटाला हात टेकून पाठमोरा उभा.

चंद्रशेखर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वेळ मी बदलायला लावली होती," ते म्हणाले. "गाडीवाला म्हणत होता, दिवाळीच्या गर्दीत रात्रीचा घाट नको. मी मेहकरच्या ऑफिसातल्या कारकुनाला फोनवर सांगितलं, चार दिवस तासभर आधी घे. नंतर तो नोकरी सोडून गेला आणि माझ्या डोक्यातून गोष्टच गेली. चौकशी झाली तेव्हाही आठवलं नाही मला. खरंच नाही आठवलं."

विमलबाई म्हणाल्या, "मंग आता आठोलं न. लिवून द्या."

सर बाहेर गेले. गजेंद्रपुढे उभे राहून काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी हात जोडलेले दिसले. संध्याकाळच्या आत पत्र तयार झालं. कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यासह. चूक ऑफिसची होती, गजेंद्रनं वेळेत नापास लिहिलं होतं, चौकशीचा निष्कर्ष मागे घेतला आहे. कायम करण्याचा कागदही वर पाठवला.

घरी येऊन ही वही मागं चाळली. १२ सप्टेंबर. 'एक गंमत सापडली' असं लिहिलंय मी. गंमत! आणि पाच दिवसांनी त्याची सगळी कथा लिहिली, चार बावन्न लिहिलं, वसुबारसही लिहिली, आणि खाली लिहिलं, कुठंतरी हात फिरलाय. दोन्ही पानं एका वहीत, मध्ये एक पान, आणि मला जोडता आली नाहीत. जोडण्याचाच पगार घेते ना मी? लाज वाटली. खूप लाज वाटली. तरी आज छाती हलकी आहे, हेही खरं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गजेंद्रची माफी मागितली. वहमी म्हटलं होतं तेही सांगितलं. तो पहिल्यांदाच मोकळं हसला. म्हणाला, "मॅडम, मलेच माझा वहम येऊन राह्यला होता. वर्षभर सगळे म्हणतात म्हटल्यावर मलेही वाटायचं, खरंच मागून तर नसंल लिवलं? म्हणून मिनिट मिनिट लिवत होतो."

रविवारी तो सुलतानपूरला जाणार आहे. पत्र घेऊन, भावाकडे.

"पोचल्यावर मिस्ड कॉल द्या," मी म्हटलं. आपल्याकडे सगळेच म्हणतात तसं सहज म्हणून गेले.

तो म्हणाला, "भावानं घरात घेतलं तर एक देतो. दारातून परतवलं, तर दोन."

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी साडेनऊच्या मेहकर गाडीनं निघाला असणार. म्हणजे साडेअकरा-बाराला सुलतानपूर. साडेअकरापासून फोन समोर ठेवून भाजी निवडत बसले. पालकात कमी आणि फोनकडे जास्त लक्ष. अण्णा म्हणाले, "चारू, देठं भाजीत आणि पानं केरात चालली आहेत."

बारा वाजले. सव्वाबारा झाले. गाडी उशिरा असेल. भाऊ शेतात असेल. पत्र वाचायला चष्मा सापडत नसेल. मनात नाही नाही ते येत होतं. एकही नाही आला तर, हे त्याच्याचकडून शिकलेलं. तर थांबायचं.

बारा बेचाळीसला फोन वाजला. स्क्रीनवर 'गजेंद्र प्रयोगशाळा'. एक रिंग, आणि कट.

फोन हातात घेतला. उचलून कानाला लावला नाही, नुसता धरून ठेवला. अण्णांनी काहीतरी विचारलं, मी हातानंच गप्प बसा म्हटलं. बारा त्रेचाळीस. बारा चव्वेचाळीस. बारा पन्नासपर्यंत तशीच बसले, डोळे भरून आले तरी पुसले नाहीत.

दुसरा आला नाही.

"कोणाचा फोन होता?" अण्णांनी विचारलं.

"फोन नव्हता. मिस्ड कॉल."

मग मेहकरला याच खुणेची वाट बघत बसलेल्या विमलबाईंचा नंबर लावला, एक रिंग होऊ दिली आणि कट केला.